सुट्टीपुरते दादा, सुट्टीपुरती ताई

बारावी झालेला किंवा कॉलेजच्या मधल्या वर्षाला असलेला परदेशी मुलगा पाठीवर बॅग टाकून नेपाळ, कंबोडिया, केनिया नाहीतर भारत गाठतो. महिना-दोन महिने एखाद्या बालगृहात राहतो, लेकरांना इंग्रजी शिकवतो, भिंती रंगवतो आणि शनिवार-रविवारी डोंगर चढतो, वाघ पाहायला जंगलात जातो. सेवा आणि साहस एकाच तिकिटात. पाश्चात्त्य देशांत ही रीत केव्हाच रुळली, आणि आता ती आपल्याही उंबरठ्यावर आली आहे. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातून संत्र्याच्या पैशावर शिकून बाहेर गेलेल्या घरांतली, तिकडेच जन्मलेली मुलं सुट्टीत आजोळी येतात आणि विचारतात, इथल्या एखाद्या अनाथालयात पंधरा दिवस काम करता येईल का? काहींना ते कॉलेजच्या अर्जात लिहायला लागतं. पण बहुतेकांच्या मनात ते खरोखरच असतं, आणि त्या इच्छेवर शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. उलट्या दिशेनं पुण्या-नागपुरात शिकणारी आपली मुलंही एजन्सीकडे पैसे भरून परदेशातल्या बालगृहांत जाऊ लागली आहेत. या सगळ्याला घरच्यांनी हो म्हणावं की नाही, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

हो म्हणणाऱ्यांची बाजू आधी पूर्ण ऐकली पाहिजे, कारण ती विदर्भाच्या मातीत सिद्ध झालेली आहे. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते बाबा आमट्यांच्या, महारोग्यांसाठीच्या आनंदवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा वरोऱ्याचे लोक त्या बाजूला फिरकत नव्हते. महारोग्यांनी पिकवलेला भाजीपाला बाजारात कोणी हातात घेत नव्हतं. त्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले, तिथं राहिले, दगड-विटा वाहून त्यांनी इमारती उभ्या केल्या आणि रुग्णांनी पिकवलेलं अन्न खाल्लं. ते पाहून वरोऱ्याच्या मनातली भीती हलली. बांधलेल्या खोल्यांपेक्षा हे काम मोठं होतं, आणि ते बाहेरच्या माणसानंच करण्यासारखं होतं. गावातल्या माणसाला जे धाडस होत नव्हतं ते परक्यानं करून दाखवलं. ही संस्था सुरू करणारे पिएर सेरेसोल हे स्विस इंजिनिअर. १९३४ च्या भूकंपानंतर ते स्वतः बिहारमध्ये गावं पुन्हा वसवायला आले होते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली गावं उभारण्यापासून त्यांनी १९२० मध्ये सुरुवात केली होती. तरुण हातांना शस्त्राऐवजी फावडं द्यावं, एवढी साधी त्यांची कल्पना होती.

हीच कल्पना बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत आपल्याकडच्या तरुणांसाठी रुजवली. मे महिन्याच्या चंद्रपुरी उन्हात आठवडाभर घाम गाळून आलेली किती मुलं-मुली पुढे आयुष्यभर सामाजिक कामात राहिली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. आपला वरूड तालुकाही याला साक्षी आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातले जे पहिले तीन तालुके निवडले त्यांत कोरेगाव आणि अंबाजोगाईसोबत वरूड होता. संत्र्याच्या बागांच्या उपशानं भूगर्भातलं पाणी खोल गेलेल्या या तालुक्यात लोकांनी टिकाव-फावडी घेऊन सलग समतल चर खोदले. पुढच्या काळात १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो माणसं गावोगाव गेली. एका दिवसात कितीसा चर होणार, असं म्हणून त्यांची थट्टा करणारेही होते. मला ती थट्टा कधीच पटली नाही. एक दिवस माती उचललेला माणूस नळ सोडताना पाण्याचा विचार करतो, आणि चर मात्र तिथंच राहतो.

मग अडचण कुठं आहे? चर राहतो, भिंत राहते. पण लेकरू राहत नाही. म्हणजे ते बालगृहातच राहतं आणि त्याला लागलेला दादा निघून जातो. चराला खोदणाऱ्याची आठवण येत नाही. माणसांमधलं थोड्या दिवसांचं कामही नेहमीच चुकीचं नसतं. पुण्याच्या मैत्री संस्थेचे स्वयंसेवक १९९७ पासून दर पावसाळ्यात दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी मेळघाटात जातात. बालमृत्यू वाढण्याच्या त्या दिवसांत ते गावोगाव फिरतात, आजारी मुलं शोधतात, दवाखान्यापर्यंत पोचवतात. दहा दिवसच, पण त्या कामानं जीव वाचतात, कारण ते मूल आपल्या आईच्या कडेवर असतं. स्वयंसेवक बदलले तरी आई बदलत नाही, आणि गावातली कोरकू माणसं तिथंच असतात. बालगृहात नेमकी तीच जागा रिकामी असते, आणि पाहुणा नकळत तिथं जाऊन बसतो.

लहानपणी एका ठरावीक माणसाची सततची सोबत मिळणं हे दूध-भातासारखंच गरजेचं आहे, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मांडलं. पुढे रोमानियात बुखारेस्टच्या बालगृहांतल्या १३६ तान्ह्या-रांगत्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यांतली निम्मी मुलं कुटुंबांत सांभाळायला दिली, बाकीची संस्थांच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. २००७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी स्पष्टपणे अधिक वाढलेली दिसली, आणि जितक्या लहान वयात मूल कुटुंबात गेलं तितका फायदा मोठा. संस्थेत वाढलेल्या मुलांची एक खूण या क्षेत्रातले सगळेच सांगतात. कोणताही अनोळखी माणूस दारात आला की ती धावत येऊन त्याला बिलगतात. पाहुण्याला वाटतं, किती प्रेमळ लेकरं! घरात वाढलेलं तीन वर्षांचं मूल मात्र अनोळखी माणूस पाहून आईच्या पदरामागे लपतं. ते लपणं निरोगी असतं. धावत येणाऱ्या मुलाला हे माहीत झालेलं असतं की समोरचा माणूस फार दिवस थांबणार नाही, तेव्हा मिळेल ते आत्ताच घ्यावं. अशा मुलाला महिन्या-महिन्यानं नवी ताई मिळाली आणि गेली, तर दर वेळी तेच दुःख नव्यानं उगाळलं जातं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं आणणारा शेतकरी ती एकदा लावली की हलवत नाही. मुळं धरू देतो.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती जास्त कठोर आहे. जिथं पाहुणे पैसे देऊन येतात तिथं लेकरांची मागणी तयार होते. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालसंस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथं आई-बाप मरण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं, पर्यटक वाढले होते. तिथल्या संस्थांतल्या चारांपैकी तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. नेपाळमध्ये बहुतेक बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या भागांत एकवटली. डोंगरातल्या गावांतून दलाल मुलं आणायचे, शाळेचं आमिष दाखवायचे, आणि कागदावर त्यांना अनाथ करायचे. हे इतकं वाढलं की ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ मध्ये त्याची दखल घेतली, आणि २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत अनाथालयांसाठी होणारा मुलांचा व्यापार हाही गुलामगिरीचा प्रकार मानला गेला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही पालकांच्या छत्राविना असलेल्या मुलांविषयीच्या ठरावात या प्रश्नाला हात घातला. चांगल्या मनानं भरलेल्या फीनं कोणाचं तरी घर मोडू शकतं, हे घरून निघताना मुलाला कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण ती आपल्या शेजारी घडली आहे. गोव्यात मडगावला मुलांचं आश्रयगृह चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. परदेशातून येणारे 'हितचिंतक' तिथं कशासाठी येत होते हे तेव्हा उघड झालं, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याला अँकरेज नावाची आश्रयगृहं चालवणाऱ्या ब्रिटिश माणसाची आणि त्याच्या साथीदाराची मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये पुन्हा लागू केली. मुलांना लैंगिक शोषणापासून वाचवणारा पॉक्सो कायदा आला तो या सगळ्यानंतर, २०१२ मध्ये. येणारे शंभरातले नव्याण्णव सज्जन असतात हे मी मनापासून मानतो. पण दार उघडं असलं की शंभरावाही त्याच दारानं येतो, आणि त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

इथं कोणी म्हणेल, मग दारं बंदच करा. तेही चूक ठरेल. बंद दारामागे काय चालतं हे २०१८ मध्ये देशानं पाहिलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटातल्या तरुण कार्यकर्त्यांनी बिहारमधल्या ११० निवासी संस्थांची पाहणी केली, मुलामुलींशी बोलायला वेळ दिला, आणि त्यांच्या अहवालातून मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला मुलींच्या लैंगिक शोषणाचा भयंकर प्रकार बाहेर आला. स्थानिक अधिकाऱ्यांच्या नियमित भेटींत ते कधी दिसलं नव्हतं. बाहेरून आलेल्या तरुणांनीच ते पाहिलं. फरक इतकाच की ते शिकून आले होते, सरकारनं अधिकार देऊन त्यांना पाठवलं होतं आणि मुलाशी कसं बोलावं हे त्यांना कळत होतं. बालगृहाला बाहेरचे डोळे हवेतच. ते मुलांसोबतचे फोटो काढून परत जाणारे नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलाची ओळख पटेल असं छायाचित्र किंवा नाव प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. हे इथं सुट्टीला येणाऱ्या किती मुलांना माहीत असतं?

आता आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. वरूडहून मोर्शी, चांदूरबाजार, परतवाडा असं गेलं की पुढे वझ्झर लागतं. तिथं शंकरबाबा पापळकरांचं अंबादासपंत वैद्य बालगृह आहे. कुठल्या रेल्वे स्टेशनवर, कुठल्या उकिरड्यावर टाकून दिलेली, मतिमंद, मूकबधिर, अंध अशी १२३ लेकरं तिथं वाढली. शंकरबाबांनी त्यांना नुसता आसरा दिला नाही, कागदोपत्री बाप म्हणून आपलं नाव दिलं. त्यांतल्या मुलींची लग्नं लावली, काहींना नोकऱ्या मिळवून दिल्या. जन्मापासून दृष्टी नसलेली त्यांची एक लेक राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीत लागली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गाडगेबाबांच्या वाटेनं चाललेल्या या माणसाचा आग्रह आयुष्यभर एकच राहिला. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून दिव्यांग अनाथाला बालगृहाबाहेर काढू नका, त्याला तिथंच कायम राहू द्या, तसा कायदा करा. आपल्या विषयाचा गाभा या मागणीत आहे. या लेकरांना जगातली दुसरी कोणतीही गोष्ट मिळाली नाही तरी चालेल, पण उद्या सकाळी हेच छत आणि हीच माणसं असणार याची खात्री हवी.

वझ्झरला कंबोडियाचा नियम लागत नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवं. तिथल्या लेकरांना परत पाठवायला घरच नाही. त्यांच्यापुरती संस्था हेच कुटुंब, आणि त्या कुटुंबाला हातांची गरज असतेच. अशा ठिकाणी आलेला तरुण सांभाळणाऱ्या बाईच्या हाताखाली काम करणार असेल, झाडांना पाणी घालणार असेल, स्वयंपाकघरात भाकरीच्या पिठापासून भांड्यांपर्यंत हात लावणार असेल, तर त्यानं जरूर यावं. गाडगेबाबा गावात यायचे, खराट्यानं गाव झाडायचे आणि पुढे निघायचे. थोड्या वेळाच्या सेवेचा त्याहून मोठा आदर्श आपल्याकडे नाही. त्यांनी कोणत्याही लेकराला मी तुझा बाप म्हणून वचन दिलं नाही. खराटा चालवायला एक दिवस पुरतो. बाप व्हायला शंकरबाबांइतकं आयुष्य लागतं. मधलं काही करायचं असेल तर निदान वर्षभर राहावं आणि लेकरांची भाषा शिकून यावं.

हे अशक्य नाही. वऱ्हाडानंच ते पाहिलेलं आहे. १८७६ मध्ये ओहायोतली जेनी फ्रो ही तरुणी कोरकूंमध्ये काम करायला एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला आली. पुढे लग्नानंतर जेनी फुलर म्हणून ती अकोल्याला राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत तिच्या मिशनच्या लोकांनी अकोला-खामगावात पोरकी झालेली मुलं सांभाळली. धर्मप्रसाराचा हेतू त्यात होता, आणि दुष्काळातल्या भुकेल्या मुलाला अन्नाबरोबर धर्म देण्यावर आक्षेप घेण्याचा हक्क आपल्याला आहे. मीही तो घेतो. पण ती माणसं मराठी शिकली आणि वर्षानुवर्षं इथंच राहिली. जेनी फुलरनं हिंदुस्थानातल्या बायकांच्या दुःखावर पुस्तक लिहिलं, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. ते १९०० मध्ये निघालं आणि त्याच वर्षी ती वारली. तिच्या मतांशी आपलं जमो न जमो, तिच्या मुक्कामाशी आजच्या महिनाभराच्या मुक्कामाची तुलना होऊ शकत नाही.

तेव्हा माझं मत असं. तान्ह्या आणि लहान मुलांना अंगाखांद्यावर खेळवण्याचं, झोपवण्याचं, भरवण्याचं काम थोड्या दिवसांच्या पाहुण्याकडे कधीही देऊ नये, मग तो अमेरिकेचा असो की अमरावतीचा. संस्थेनं मागितलं तर बांधकाम, विहीर, बाग, हिशेब, संगणक, फिजिओथेरपी, ब्रेल असं काम त्याला द्यावं. यातलं जे येतं ते त्यानं मुलांऐवजी तिथल्या कायमच्या माणसांना शिकवावं, म्हणजे तो गेल्यावरही ते राहील. पोलिस पडताळणीशिवाय कोणालाही मुक्कामाला ठेवू नये, आणि पद्मश्री मिळालेल्या माणसाच्या संस्थेलाही यातून सूट नको. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी पैसे भरण्याआधी त्या संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: नोंदणी आहे का, किती मुलांचे आई-वडील जिवंत आहेत, आणि त्यांना घरी पाठवायचा प्रयत्न काय चालला आहे. उत्तर टाळलं तर ते पैसे घरीच ठेवावेत. डोंगर चढायची, जंगल पाहायची हौस असेल तर ती जरूर पूर्ण करावी. चिखलदरा काही दूर नाही आणि हिमालयही आपलाच आहे. फक्त त्या हौसेला पोरक्या मुलाचा टेकू लावू नये.

आपल्या तालुक्यापुरतं एक काम मात्र याहून निकडीचं आहे. संत्र्याची गळ, पडलेले भाव, आटलेल्या विहिरी आणि कर्ज यांनी या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. त्या घरांतली लेकरं बापाविना आहेत, पण अनाथ नाहीत; त्यांची माय जिवंत आहे. पैशावाचून ती लेकरू वसतिगृहात किंवा बालगृहात सोडते, आणि मग आपण तिथं वाढदिवसाचा केक घेऊन जातो. अशा मुलाला मायजवळच ठेवण्यासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये आहेत. बालसंगोपनाचा अर्ज महिला व बालविकास खात्याकडे जातो आणि बालकल्याण समिती तो मंजूर करते. वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक एवढी कागदं जमवायची असतात. दिवसभर संत्रा तोडायला जाणाऱ्या बाईला तहसीलच्या चकरा मारायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि एका चकरेत काम होत नाही. सुट्टीत आजोळी आलेल्या, मोबाईल आणि फॉर्म सहज हाताळणाऱ्या मुलामुलींनी अशा एका घराचा अर्ज हाती घ्यावा, कागदं पुरी करावीत, त्या मायसोबत अमरावतीला जावं, आणि पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत तिकडून फोनवर पाठपुरावा करावा. वरूड, बेनोडा, शेंदूरजनाघाट, पुसला, लोणी, कुठल्याही गावच्या अंगणवाडी ताईला विचारा. तिला ती घरं माहीत असतात.